रक्त वर चढते की खाली उतरते? हायपोथॅलॅमसच्या शोधाची कथा

#थ्रेड #विज्ञानाचा_इतिहास

१/२४
जानेवारी १९६९. अमेरिकेच्या ॲरिझोना राज्यातील टुसॉन शहरात शास्त्रज्ञांची एक बैठक भरली होती. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा चिमुकला भाग रासायनिक संदेश पाठवून शरीरातील संप्रेरकांवर अंमल चालवतो, या म्हणण्याला पुरावा काय, हा तेथील कळीचा प्रश्न होता. लाखो जनावरांचे मेंदू वाटून झाले होते, सरकारी पैसा पाण्यासारखा खर्च झाला होता; तरी एकाही संदेशाची रासायनिक रचना कोणाला सांगता येत नव्हती. अनुदान थांबवण्याचा विचार बळावत चालला होता. हा थ्रेड त्या बैठकीपर्यंतच्या प्रवासाचा आणि तिच्यानंतर जे घडले त्याचा.

२/२४
प्रथम भूगोल. मेंदूच्या तळाशी, दोन्ही डोळ्यांकडून येणाऱ्या चेता जेथे एकमेकींना ओलांडतात, त्याच्या लगत हायपोथॅलॅमस आहे. मराठी परिभाषेत त्याला ‘अधश्चेतक’ म्हणतात. माणसाच्या सुमारे १४०० ग्रॅम वजनाच्या मेंदूत याचा वाटा जेमतेम ४ ग्रॅमचा. शरीराचे तापमान, भूक, तहान, झोप, वयात येणे, मातेच्या दुधाचा पान्हा : या सर्वांची सूत्रे येथे एकत्र येतात. त्याच्या खाली एका बारीक देठाला वाटाण्याएवढी पीयूषिका ग्रंथी लोंबते. पुढील सारी कथा या देठाभोवती फिरते.

३/२४
या ग्रंथीविषयीची जुनी समजूत मोठी विलक्षण होती. दुसऱ्या शतकातील वैद्य गॅलन याच्या मते मेंदूत तयार होणारा कफ देठातून खाली झिरपतो आणि नाकावाटे बाहेर पडतो. १५४३ मध्ये व्हेसॅलियसने शरीररचनाशास्त्राची नवी पायाभरणी केली. पण ही कल्पना त्यानेही कायम ठेवली. सतराव्या शतकात श्नायडर आणि रिचर्ड लोअर यांनी ती खोडून काढली. तरी ‘पिट्युइटरी’ हे नाव टिकले. त्याचा मूळ लॅटिन अर्थ कफाशी जोडलेला आहे. चुकीचा सिद्धांत गेला, नाव मात्र राहिले.

४/२४
हायपोथॅलॅमसचे पहिले रहस्य उलगडले ते तापमानाच्या बाजूने. १८६८ मध्ये लाइपझिगच्या कार्ल वुंडरलिश यांनी सुमारे २५ हजार रुग्णांच्या तापमानाच्या असंख्य नोंदींवर आधारलेला ग्रंथ प्रसिद्ध केला. निरोगी माणसाचे तापमान ३७ अंश सेल्सियसच्या आसपास असते, हे त्यातून रूढ झाले. ताप हा स्वतंत्र रोग नसून लक्षण आहे, हेही वैद्यकाने त्यातून घेतले. त्याच काळात फ्रान्समध्ये क्लोद बेर्नार शरीराच्या ‘अंतर्गत पर्यावरणा’ची संकल्पना मांडत होते : बाहेर काहीही घडो, आतले जग स्थिर राहिले पाहिजे. प्रश्न एवढाच उरला, की ते स्थिर राखतो कोण?

५/२४
१८८५ च्या सुमारास जर्मनीत ॲरनसोन आणि झाक्स यांनी सशाच्या मेंदूत खोलवर बारीक सुई टोचली. कोणताही जंतुसंसर्ग नसताना सशाला सडकून ताप चढला. अमेरिकेत आयझॅक ऑट यांनाही असेच अनुभव आले. म्हणजे उष्णतेचे नियंत्रण मेंदूतच कोठेतरी होते. पण सुईने अनेक भागांना इजा होते. नेमके ठिकाण तिच्याने सांगता येत नव्हते. पुढे १९१२ ते १९१४ या काळात इझेनश्मिड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेंदूचे वेगवेगळे भाग तोडून पाहिले, आणि संशयाची सुई हायपोथॅलॅमसवर येऊन थांबली.

६/२४
१९१२ मध्येच हेन्री बार्बर यांनी एक सरळ, पण नामी प्रयोग केला. सशाच्या मेंदूत बारीक नळी बसवून तिच्यातून त्यांनी आळीपाळीने गरम आणि गार पाणी खेळवले. मेंदूच्या तळाशी ऊब पोचताच सशाचे शरीर थंड पडू लागले. गारवा पोचताच शरीराचे तापमान वाढले. सारे शरीर होते तसेच होते, फसवला गेला होता तो केवळ मेंदूचा एक कोपरा. त्या कोपऱ्याला जे जाणवले त्यावर शरीराने विश्वास ठेवला. तापमान मोजणारा आणि हुकूम देणारा एकच होता.

७/२४
आता गरज होती अचूक नेम साधण्याची. हॉर्स्ले आणि क्लार्क यांनी १९०८ मध्ये मेंदूतील कोणत्याही बिंदूपर्यंत सुई मोजून मापून नेणारी धातूची चौकट वर्णन केली होती. ती बराच काळ अडगळीत पडून राहिली. १९३० च्या दशकात शिकागो येथील स्टीफन रॅन्सन यांनी ती पुन्हा वापरात आणली. १९३८ मध्ये मॅगून, रॅन्सन आणि सहकाऱ्यांनी मांजराच्या मेंदूतील एकेक बिंदू तापवून पाहिला. हायपोथॅलॅमसचा पुढचा भाग आणि त्याच्या समोरचा प्रदेश तापवताच मांजर धापा टाकू लागे. ठिकाण सापडले.

८/२४
ही यंत्रणा आज बरीच स्पष्ट आहे. या प्रदेशातील काही चेतापेशी रक्ताची ऊब वाढली की अधिक वेगाने संदेश सोडतात. त्वचेकडूनही वार्ता येतच असते. शरीर ठरलेल्या पातळीपेक्षा तापले, तर त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावतात आणि घाम सुटतो. थंड झाले, तर वाहिन्या आकसतात आणि हुडहुडी भरते. तापात ही ठरलेली पातळीच वर सरकते. म्हणून अंग भाजत असतानाही रोग्याला थंडी वाजते : मेंदूच्या हिशेबी शरीर अजून गारच असते.

९/२४
ही पातळी वर सरकवणारे रसायन प्रोस्टाग्लँडिन होय. १९७० च्या सुमारास मिल्टन आणि वेंडलांट यांनी ते मांजराच्या मेंदूत सोडले आणि ताप चढलेला पाहिला. १९७१ मध्ये जॉन व्हेन यांनी दाखवले, की ॲस्पिरिन याच रसायनाची निर्मिती रोखते. शतकानुशतके माणूस विलोच्या सालीने ताप उतरवत आला होता. त्यामागचे कारण आता हाती आले. व्हेन यांना १९८२ मध्ये नोबेल पुरस्कारात वाटा मिळाला.

१०/२४
घाम, हुडहुडी, रक्तवाहिन्यांचे आकुंचन : हे सारे हुकूम चेतांमधून जातात, त्यामुळे तापमानाचे कोडे समजण्यासारखे होते. संप्रेरकांचे तसे नव्हते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात पीयूषिका ही सर्व ग्रंथींची राणी मानली गेली. अवटू, अधिवृक्क आणि जननग्रंथी तिच्या इशाऱ्यावर चालतात. पण ही राणी स्वतः कोणाचे ऐकत असावी, असे सुचवणारे पुरावे होते. सशाच्या मादीत समागमानंतरच बीजमोचन होते. हिवाळ्यात कृत्रिम उजेड दिला, तर फेरेट हा मुंगसासारखा दिसणारा प्राणी अवेळी माजावर येतो. स्पर्श आणि उजेड कळतो तो मेंदूला. मग मेंदू ते ग्रंथीला कळवतो कसे?

११/२४
अडचण येथेच होती. पीयूषिकेच्या मागच्या खंडात हायपोथॅलॅमसकडून चेतातंतू उतरतात. पण संप्रेरकांचा मोठा कारखाना असलेल्या पुढच्या खंडात ते जवळजवळ नाहीतच. तार नाही, तर तारायंत्र कसे चालणार? एक आडवाट १९२८ मध्ये दिसली होती. जर्मनीतील अर्न्स्ट शारर या तरुण शास्त्रज्ञाने एका लहान माशाच्या हायपोथॅलॅमसमध्ये ग्रंथीसारख्या स्रावाने भरलेल्या चेतापेशी पाहिल्या. चेतापेशीच संप्रेरक स्रवते, ही कल्पना तेव्हा बहुतेकांना पटली नाही. अर्न्स्ट आणि त्यांच्या पत्नी बर्टा शारर यांनी पुढे नाझी जर्मनी सोडली आणि अमेरिकेत हेच काम चिकाटीने चालू ठेवले.

१२/२४
दुसरा दुवा १९३० मध्ये लंडनमध्ये मिळाला. रुमानियाचे ग्रेगर पोपा आणि ऑस्ट्रेलियाच्या उना फील्डिंग यांनी हायपोथॅलॅमस आणि पीयूषिका यांना जोडणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांचे जाळे वर्णन केले. या वाहिन्या देठावरून जात होत्या आणि त्यांच्या दोन्ही टोकांना केशवाहिन्या होत्या. त्यांनी दिशाही सांगितली : रक्त पीयूषिकेकडून वर मेंदूकडे जाते. रचना अचूक होती, दिशा चुकीची. वाहिनी मृत शरीरात पाहिली तर तिचा आकार कळतो. तिच्यातून काय कोणीकडे वाहत होते, ते ती सांगत नाही.

१३/२४
१९३५ मध्ये अर्जेंटिनाच्या बर्नार्डो उसाय यांच्या गटाने जिवंत भेकाच्या या वाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. रक्त खाली उतरत होते. १९३६ मध्ये विस्लॉकी आणि किंग यांनीही रचनेच्या आधारे तोच निष्कर्ष काढला. १९४९ मध्ये जॉन ग्रीन आणि जेफ्री हॅरिस यांनी जिवंत उंदरात तो प्रवाह डोळ्यांनी पाहिला. रक्त वर चढते की खाली उतरते, हा प्रश्न वरवर क्षुल्लक वाटतो. पण कोण धनी आणि कोण चाकर, याचा निवाडा त्यावर होता. रक्त खाली येत असेल, तर मेंदू त्यात निरोप मिसळून ग्रंथीकडे धाडू शकतो.

१४/२४
हॅरिस यांनी नेमके हेच मांडले. केंब्रिजमध्ये शिकत असल्यापासून त्यांना या प्रश्नाने पछाडले होते. १९३७ मध्ये त्यांनी सशाच्या हायपोथॅलॅमसला विजेचा सौम्य झटका देऊन बीजमोचन घडवले होते. त्यांचा सिद्धांत असा : हायपोथॅलॅमसमधील चेतापेशी अत्यल्प रसायने या वाहिन्यांत सोडतात आणि ती पीयूषिकेला कामाला लावतात. चेतासंस्था आणि ग्रंथीसंस्था या दोन स्वतंत्र राज्यांमध्ये त्यांनी जणू एक पूल बांधला. त्या रसायनांपैकी एकही मात्र अद्याप कोणी पाहिले नव्हते.

१५/२४
विरोधकांकडे सबळ मुद्दा होता. देठ कापला, तर पीयूषिका बंद पडायला हवी. पण काही प्रयोगांत ती बंद पडे, काहींत पूर्ववत चालू होई. हॅरिस यांनी कापलेल्या जागा बारकाईने तपासल्या. वाहिन्या पुन्हा वाढून जुळत होत्या! मग देठ कापल्यावर त्यांनी मध्ये मेणकागदाचा तुकडा बसवला. वाहिन्या जुळू शकल्या नाहीत आणि ग्रंथीचे काम परतले नाही. एकमेकांना छेद देणारे निष्कर्ष एका कागदाच्या तुकड्याने जुळवून दाखवले.

१६/२४
१९५२ चा प्रयोग अधिक निर्णायक ठरला. नाझी राजवटीमुळे जर्मनी सोडून स्वीडनमध्ये आलेल्या डोरा याकोबसोन आणि हॅरिस यांनी उंदराच्या माद्यांची पीयूषिका काढून तिच्या जागी दुसरी रोपली. हायपोथॅलॅमसच्या अगदी खाली रोपलेल्या ग्रंथीत त्या वाहिन्या शिरल्या. माद्यांचे ऋतुचक्र परतले, काही गाभण राहिल्या आणि त्यांना पिलेही झाली. तीच ग्रंथी मेंदूच्या बाजूच्या भागाखाली रोपली, तेव्हा तिला रक्त भरपूर मिळाले, पण ती निपचित राहिली. नुसते रक्त पुरेसे नव्हते. ते हायपोथॅलॅमसकडून आलेले असावे लागत होते.

१७/२४
तरी वाद मिटला नाही. ब्रिटनमधील वजनदार शरीररचनातज्ज्ञ सॉली झुकरमन यांनी देठ कापलेल्या फेरेटचा दाखला पुढे केला. वाहिन्या तुटलेल्या असूनही तो उजेडाने माजावर आला, असा त्यांचा दावा होता. एका प्राण्याने सारा सिद्धांत कोसळेल, हे म्हणणे तर्काला धरून होते. १९५४ मध्ये डोनोव्हन आणि हॅरिस यांनी तोच प्रयोग फेरेटवर पुन्हा केला. जेथे वाहिन्या पुन्हा जुळल्या तेथेच माज परतला, असे आढळले. १९५५ मध्ये हॅरिस यांचा या विषयावरचा ग्रंथ आला. उरले होते ते रसायन हाती लागणे.

१८/२४
त्याच १९५५ मध्ये रॉजर गीयमँ आणि अँड्र्यू शॅली यांनी, आपापल्या सहकाऱ्यांसह, स्वतंत्रपणे दाखवले, की पात्रात ठेवलेल्या पीयूषिकेला हायपोथॅलॅमसचा अर्क मिळाला तर तिचा स्राव वाढतो. गीयमँ फ्रान्समधील दिजाँचे डॉक्टर. शॅली पोलंडमधून १९३९ मध्ये कोवळ्या वयात निसटलेले निर्वासित. १९५७ मध्ये शॅली ह्यूस्टनला गीयमँ यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. पाच वर्षे दोघांनी एकत्र शोध घेतला, पण फळ आले नाही. १९६२ मध्ये शॅली न्यू ऑर्लिन्सला निघून गेले, आणि सहकाऱ्यांचे कट्टर प्रतिस्पर्धी झाले.

१९/२४
पुढे जे झाले त्याला समुद्रमंथनाचीच उपमा शोभेल. गीयमँ यांनी मेंढ्यांचे, तर शॅली यांनी डुकरांचे हायपोथॅलॅमस निवडले. शॅली यांना ऑस्कर मायर या मांसकंपनीने ते पुरवले. कत्तलखान्यांतून बर्फात घालून आणलेले तुकडे सुकवायचे, दळायचे, गाळायचे, वेगळे करायचे. गीयमँ यांच्या गटाने काही वर्षांत सुमारे ५० लाख तुकडे गोळा केले. अखेरीस सुमारे ३ लाख तुकड्यांमागे हाती आले अवघे १ मिलिग्रॅम शुद्ध द्रव्य. प्रयोगशाळेचा कारखाना झाला होता, आणि टीकाकार या अदृश्य संप्रेरकांची टर उडवत होते.

२०/२४
हे द्रव्य अवटू ग्रंथीला जागवणाऱ्या साखळीचा पहिला दुवा होते : हायपोथॅलॅमस पीयूषिकेला सांगतो, पीयूषिका अवटूला, आणि अवटूचा स्राव सर्व पेशींतील ज्वलनाचा वेग ठरवतो. येथे तापमान आणि संप्रेरक यांचे धागे एकमेकांत गुंफले जातात. १९६६ मध्ये शॅली यांना त्यात तीन अमिनो आम्ले सापडली. पण वजनाचा हिशेब जुळेना, म्हणून बाकीचा भाग काही वेगळाच असावा, असा त्यांनी तर्क केला. तो चुकीचा होता. टुसॉनच्या बैठकीत गीयमँ यांच्या गटाने अधिक शुद्ध नमुन्यातून तीच तीन आम्ले जाहीर केली : ग्लुटामिक आम्ल, हिस्टिडीन आणि प्रोलीन. अनुदान वाचले.

२१/२४
तीन आम्लांच्या मांडणीचे सहा प्रकार होतात. गीयमँ यांच्या गटाने ते सहाही कृत्रिमरीत्या बनवून घेतले. एकानेही काम केले नाही. उत्तर टोकांमध्ये दडले होते. एका टोकाचे ग्लुटामिक आम्ल स्वतःवरच वळून वेटोळे होते आणि दुसऱ्या टोकाला अमाइड गट जडलेला असतो. दोन्ही तोंडे बंद. नोव्हेंबर १९६९ मध्ये दोन्ही गटांनी काही दिवसांच्या अंतराने पूर्ण रचना प्रसिद्ध केली. ज्यासाठी लाखो मेंदू खर्ची पडले, तो रेणू इतका लहान होता. हॅरिस यांचे म्हणणे आता रसायनशास्त्राने सिद्ध केले.

२२/२४
यानंतर बांध फुटला. १९७१ मध्ये जननग्रंथींची सूत्रे हलवणाऱ्या संप्रेरकाची दहा अमिनो आम्लांची रचना शॅली यांच्या गटाने आधी जाहीर केली. गीयमँ तोवर कॅलिफोर्नियातील साल्क इन्स्टिट्यूटमध्ये गेले होते. तेथे वाढ घडवणाऱ्या संदेशाचा शोध घेताना १९७३ मध्ये उलटेच सापडले : वाढीला लगाम घालणारे सोमॅटोस्टॅटिन. हायपोथॅलॅमस केवळ चाबूक उगारत नाही, लगामही खेचतो. याच प्रयोगशाळेत १९७५ ते १९७७ या काळात ब्रूनो लातूर हे फ्रेंच अभ्यासक शास्त्रज्ञांचेच निरीक्षण करत बसले. त्यातून १९७९ मध्ये वूलगर यांच्यासह लिहिलेले त्यांचे पुस्तक विज्ञानाच्या समाजशास्त्रात पायाभूत ठरले.

२३/२४
१९७७ चा वैद्यकशास्त्राचा नोबेल पुरस्कार विभागून दिला गेला. अर्धा वाटा रोझलिन यॅलो यांना : रक्तातील अत्यल्प संप्रेरक किरणोत्सारी खुणेच्या साहाय्याने मोजण्याची पद्धत त्यांनी सॉलोमन बर्सन यांच्यासह उभी केली होती. उरलेला अर्धा गीयमँ आणि शॅली यांना समान. एकमेकांशी झुंजलेले दोघे एकाच मंचावर आले. बर्सन मात्र १९७२ मध्ये आणि हॅरिस १९७१ मध्येच निवर्तले होते. नोबेल मरणोत्तर दिले जात नाही. ज्यांनी दिशा चुकवली पण वाहिन्या दाखवल्या ते पोपा आणि फील्डिंग, ज्यांनी ग्रंथी पुन्हा जिवंत केली त्या याकोबसोन : ही नावे पाठ्यपुस्तकांत क्वचितच भेटतात.

२४/२४
या ज्ञानाचे मोल रुग्णालयांत कळते. १९७८ मध्ये अर्न्स्ट नोबिल यांच्या गटाने माकडांत दाखवले, की जननसंप्रेरकांचा संदेश तासातासाने ठोक्यासारखा आला तरच पीयूषिका ऐकते. तो अखंड येत राहिला, तर ती गप्प होते. त्याच गुणाचा उपयोग आज पुरःस्थ ग्रंथीच्या कर्करोगावर, वंध्यत्वाच्या उपचारांत आणि अकाली वयात येणाऱ्या मुलांसाठी होतो. २०२४ च्या फेब्रुवारीत गीयमँ वयाच्या शंभराव्या वर्षी गेले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये शॅलीही गेले. त्यांच्या स्पर्धेची गोष्ट रंगवून सांगितली जाते. पण त्या स्पर्धेला अर्थ होता, तो काही माणसांनी आधी एका देठाशी वर्षानुवर्षे बसून रक्त कोणीकडे वाहते हे पाहिले होते म्हणून. (समाप्त)